‘तिने हाक का मारली नाही?’

लैंगिक अत्याचार आणि एकामागून एक केलेले खून हा काही आपल्या त्रैमासिकाचा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. परंतु या विषयावरचे लेखन आपल्या घरांत केव्हाच येऊन पोहोचले आहे. ते सकाळच्या वर्तमानपत्रातून येते, चित्रपटातून येते आणि हल्ली मुलांच्या हातातल्या मोबाईलवरूनही येते. त्यातली भाषा हळूहळू आपली होते. क्वचित ती वेदीवरून दिलेल्या प्रवचनातही उतरते. तेव्हा त्या भाषेचे परीक्षण करणे हे आपले काम आहेच. अपराधशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत या विषयावर काही संकल्पना घडविल्या. त्यांतल्या काही उपयुक्त आहेत, काही घातक ठरल्या. त्यांच्या उजेडात आपले शब्द आणि आपल्या कथा तपासून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी शब्द पाहू. बातमीत ‘अतिप्रसंग’ असे छापून येते, जणू एखादा प्रसंग मर्यादेपलीकडे थोडा लांबला. ‘अब्रू लुटली’ म्हणतात, तेव्हा लुटली गेलेली वस्तू मुलीपेक्षा तिच्या घराण्याचीच अधिक वाटते. ‘विनयभंग’ हा तर कायद्याच्या भाषेतला शब्द. १८६० च्या दंडसंहितेतली ती कल्पना १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही टिकून राहिली आहे. या तिन्ही शब्दांचा रोख स्त्रीवर आहे, तिच्याकडे काय होते आणि काय गेले यावर आहे. कृत्य करणारा त्यांत कोठेच नाही. तो वाक्यात येतो तेव्हा ‘नराधम’ म्हणून येतो, ‘लांडगा’ म्हणून येतो, नाहीतर ‘सैतान’ म्हणून. या शेवटच्या शब्दाशी आम्हां धर्मगुरूंचा व्यवसायानेच संबंध येतो, म्हणून सांगतो: माणसाच्या कृत्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेण्याचे काम धर्मशास्त्राने सैतानाला दिलेले नाही. नराधम म्हटले की तो आपल्यातला राहत नाही. तो कोणाचा तरी मुलगा, भाऊ, शेजारी किंवा अधिकारी असेल हा विचारच थांबतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत मात्र वर्षानुवर्षे एकच गोष्ट दिसते. बलात्काराच्या नोंदल्या गेलेल्या प्रकरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा पीडितेच्या ओळखीचा असतो.

या अनोळखी राक्षसाच्या कल्पनेला सर्वांत मोठे खाद्य मिळाले ते मालिका-खुन्यांच्या कथांतून. ‘मालिका-खुनी’ हा शब्द अमेरिकेच्या एफबीआयमधील रॉबर्ट रेस्लर यांनी १९७० च्या दशकात रूढ केला असे समजले जाते; पण बर्लिनचे पोलीस अधिकारी एर्न्स्ट गेनाट यांनी १९३० मध्येच पीटर क्युर्टेन या खुन्याविषयी लिहिताना त्याच अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता. आपल्याकडे हे नाव रमन राघव याला चिकटले. १९६८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या उत्तरेकडील उपनगरांत पदपथावर आणि झोपड्यांत निजलेल्या माणसांची डोकी रात्री फोडली जात होती. ऑगस्टअखेर उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियाल्हो यांनी राघवला पकडले आणि रमाकांत कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली तपास पूर्ण झाला. त्याने चाळीसेक खुनांची कबुली दिली. फाशीची शिक्षा झाली. पण त्याचा मनोविकार बरा होण्यासारखा नाही असे ठरून १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. १९९५ मध्ये पुण्यात तो मरण पावला.

त्याच्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये एक संयत लघुपट केला. रघुवीर यादव यांनी त्यात राघवची भूमिका केली. पुढे २०१६ मध्ये अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ आला. हा चित्रपट आपण त्या ऐतिहासिक माणसाविषयी नाही असे आरंभीच सांगतो, आणि खुनी व त्याचा माग काढणारा पोलीस यांना एकाच नाण्याच्या दोन बाजू म्हणून उभे करतो. राक्षस आणि रक्षक यांच्यातली भिंत तो पाडतो, हे त्याचे श्रेय. परंतु बोलण्याचा अधिकार त्यातही खुन्यालाच आहे. मेलेली माणसे पडद्यावर येतात ती मरण्यापुरती. १९६८ च्या बळींपैकी एकाचे तरी नाव आज कोणाला सांगता येईल काय? खुन्याचे नाव सर्वांना पाठ आहे. स्टीव्हन एगर या अमेरिकन अभ्यासकाने यासाठी एक बोचरा शब्दप्रयोग योजला. मालिका-खुन्यांचे बळी बहुधा ‘कमी मेलेले’ असतात, असे तो म्हणतो. कारण जिवंतपणीही समाजाने त्यांना पुरते जिवंत मानलेले नसते. भटके, बेघर, वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया. पदपथावर निजणारा गिरणगावाबाहेरचा मजूरही त्यातलाच.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. मालिका-खुनी म्हणजे वासनेने पछाडलेला एकाकी पुरुष, हे चित्र चित्रपटांनी दिले. १९९० ते १९९६ या काळात लहान मुले पळवून, चोरीसाठी त्यांचा आडोसा म्हणून उपयोग करून, मग त्यांना मारून टाकणाऱ्या कोल्हापूरच्या खटल्यातील गावित मायलेकी हे चित्र खोटे ठरवतात. त्यांच्यामागे कोणताही गूढ विकार नव्हता. होता तो थंड हिशेब. मालिका हे फक्त कृत्याच्या पुनरावृत्तीचे नाव आहे. ती का चालू राहू शकली, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक साधे उत्तर दिले. गुन्हा घडण्यासाठी तीन गोष्टी एका जागी, एका वेळी याव्या लागतात: करू इच्छिणारा, सोपे सावज, आणि रोखू शकणाऱ्या रक्षकाची अनुपस्थिती. आपण सगळी कादंबरी पहिल्यावर लिहितो, सगळा उपदेश दुसऱ्याला करतो आणि तिसऱ्याविषयी बोलत नाही. नागपूरच्या कस्तुरबानगरात अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहशत दहा वर्षांहून अधिक काळ चालली. बलात्कार, खून, खंडणी असे आरोप त्याच्यावर होते. तो कोण आहे आणि कोठे राहतो हे सगळ्या वस्तीला आणि पोलिसांनाही ठाऊक होते. त्यात रहस्य असे काही नव्हतेच. १३ ऑगस्ट २००४ रोजी वस्तीतल्या जमावाने त्याला भर न्यायालयाच्या इमारतीत ठार केले. त्या जमावात स्त्रिया पुढे होत्या. २०१४ मध्ये त्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी सुटले. या घटनेवर नंतर मालिका आणि चित्रपट आले, आणि त्यांत रंगला तो शेवटच्या दिवसाचा सूड. त्याआधीची दहा वर्षे, जेव्हा तक्रारी कोणी घेत नव्हते, ती पडद्याला रुक्ष वाटतात. मला तीच महत्त्वाची वाटतात.

आणि रक्षकच करणारा असेल तर? त्याचे उदाहरण शोधायला आम्हांला दूर जावे लागत नाही. सडक अर्जुनीहून कोहमारा, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव असे दक्षिणेकडे गेले की वडसा लागते. सरकारी कागदांत देसाईगंज. हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटके गावोगावी जातात ती मुख्यतः तेथूनच. याच देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री जे घडले, त्याने देशाचा कायदा बदलला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालेला नव्हता. देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून नोंदलेला आहे. लोकांत तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. बलात्कार सोसलेल्या स्त्रीचे नाव छापणे १९८३ पासून गुन्हा ठरले, आणि तेही या खटल्यामुळेच. म्हणून ते नाव मी येथे लिहीत नाही.

ती आदिवासी मजूर मुलगी होती. वय वैद्यकीय अंदाजाने चौदा ते सोळा. तिच्या भावानेच केलेल्या तक्रारीवरून तिला आणि ती ज्यांच्याकडे राहत होती त्यांना ठाण्यात बोलावले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब आटोपले, बाकीचे बाहेर पडले आणि तिला मात्र थांबवून घेण्यात आले. दिवा मालवला गेला, दार लागले. एका शिपायावर बलात्काराचा आणि दुसऱ्या, दारू प्यायलेल्या शिपायावर अंगाशी झोंबल्याचा आरोप झाला. जून १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोघांनाही सोडले. मुलीच्या पूर्वायुष्याकडे बोट दाखवून तिची संमती गृहीत धरली. ऑक्टोबर १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट शरण जाणे वेगळे आणि संमती वेगळी, हे या खंडपीठाने नेमके ओळखले. एका शिपायाला पाच वर्षे आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना निर्दोष ठरवले.

हा अखेरचा निकाल मी एक वाङ्मयीन कृती म्हणून वाचा असे सुचवतो. कारण त्यात एक कथानक आहे, एक निवेदक आहे आणि एक गृहीत नायिका आहे. मुलीच्या अंगावर जखम नाही, म्हणून तिने सांगितलेला प्रतिकार खोटा. तिला हाताला धरून नेले तेव्हा भाऊ आणि इतर जवळच होते आणि तरी तिने आरडाओरडा केला नाही, म्हणून ती राजी असली पाहिजे. निवेदकाच्या मनात एक आदर्श स्त्री आहे. ती ओरडते, ओरबाडते, रक्तबंबाळ होते. प्रत्यक्षातली मुलगी त्या स्त्रीशी जुळत नाही, म्हणून तिची गोष्ट खोटी ठरते. रात्रीची वेळ, पोलीस ठाणे, खाकी कपडे, पोरसवदा आदिवासी मजूर. या तपशिलांना कथानकात स्थानच मिळालेले नाही. ओरडून ती कोणाला बोलावणार होती? पोलिसांना?

न्यायमूर्तींच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांच्या हाती जो कायदा होता, त्यात संमतीची व्याख्या नव्हती. शिवाय त्या काळचे शास्त्रही त्यांना फारसे वेगळे सांगत नव्हते. ‘पीडितशास्त्र’ या नव्या शाखेने आरंभीच बळीचा गुन्ह्यातला वाटा मोजायला घेतला होता. मेनाखेम आमिर यांनी फिलाडेल्फियाच्या पोलीस दफ्तरातील बलात्काराची ६४६ प्रकरणे अभ्यासून १९७१ मध्ये जो ग्रंथ काढला, त्यात १९ टक्के प्रकरणे त्यांनी ‘पीडितेने ओढवून घेतलेली’ या रकान्यात टाकली. तो रकाना कसा भरला? मुलीची ख्याती, तिने मद्य घेतले होते का, ती त्याच्याबरोबर गेली होती का, यांवरून. म्हणजे गावगप्पेला आकडेवारीचा पोशाख चढवला. या संकल्पनेवर नंतर कडाडून टीका झाली आणि ती योग्यच होती. १९७९ मध्येच निकोलस ग्रोथ या मानसशास्त्रज्ञाने शिक्षा झालेल्या बलात्काऱ्यांचा अभ्यास मांडून दाखवले की या कृत्याच्या मुळाशी कामवासनेपेक्षा सत्तेची आणि रागाची भूक अधिक असते. हे मान्य केले की ‘तिने काय केले?’ हा प्रश्न आपोआप दुय्यम होतो.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मराठी वाचकांनी त्या पत्राकडे गद्याचा एक नमुना म्हणूनही पाहावे. राग आहे, पण तो प्रत्येक वाक्यात युक्तिवादाच्या दोरीला बांधलेला आहे. आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने पोलीस कोठडीसारख्या ठिकाणच्या बलात्कारात, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले तर न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे ठरले. आणि नुसता शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही, हे वाक्य कायद्यात यायला २०१३ साल उजाडले. देसाईगंजच्या त्या रात्रीपासून एक्केचाळीस वर्षे.

न्यायालयाने हा ओरडण्याचा निकष कोठून आणला? तो फार जुना आहे, आणि तो आपल्याही पवित्र ग्रंथात आहे. अनुवादाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्याय उघडावा. वाग्दत्त मुलीवर नगरात प्रसंग आला आणि ती ओरडली नाही, तर ती दोषी. रानात आला तर ती ओरडली असेलच, पण ऐकायला कोणी नव्हते, म्हणून निर्दोष. त्या काळाच्या मानाने दुसऱ्या अर्ध्यात दया आहे हे खरे. पण शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील तामारची हकीकत पाहा. राजवाडा म्हणजे नगराचा मध्य. सावत्र भाऊ आजाराचे सोंग घेतो, बापाच्याच निरोपाने ती त्याच्या घरी जाते, शब्दांनी विनवते, समजावते, आणि बळापुढे हरते. नंतर दुसरा भाऊ तिला गप्प राहायला सांगतो. दाविद राजाला राग येतो आणि तो काहीही करत नाही. ओळखीचा माणूस, घरचा निरोप, मग कुटुंबाची चुप्पी आणि अधिकाऱ्याचा निष्क्रिय संताप: अपराधशास्त्राने विसाव्या शतकात जे कष्टाने सिद्ध केले, ते सगळे त्या एका अध्यायात आहे.

आता आपल्या जवळच्या कथेकडे येतो. दरवर्षी ६ जुलैला आपण संत मारिया गोरेत्तीचा सण पाळतो. इटलीत नेत्तुनोजवळ एका शेतमजूर कुटुंबातली ही अकरा वर्षांची मुलगी. ५ जुलै १९०२ रोजी त्याच घरात राहणाऱ्या अलेस्सांद्रो सेरेनेल्ली या तरुणाने तिच्यावर हात टाकला, तिने नकार दिला आणि त्याने तिला चौदा वेळा भोसकले. दुसऱ्या दिवशी, त्याला क्षमा करून, ती इस्पितळात मरण पावली. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये तिला संतपद दिले तेव्हा तिची आई हजर होती. अलेस्सांद्रोने सत्तावीस वर्षे तुरुंगात काढली, पश्चात्ताप केला, त्या आईची क्षमा मागितली आणि उरलेले आयुष्य कॅपुचिन मठाच्या आश्रयाला घालवले.

ही कथा आपल्याकडे सांगितली जाते ती बहुधा एका वाक्यात: तिने पापापेक्षा मरण पत्करले. वाक्य भक्तीचे आहे. पण त्याची उलट बाजू ऐकणाऱ्यांत बसलेल्या मुलीच्या कानांनी ऐकून पाहा. जी मेली नाही, तिने काय पत्करले? जी भीतीने गोठली, जिचा आवाज फुटला नाही, जी दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी शाळेत गेली, ती या वाक्यात कोठे बसते? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये जखम मागितली होती. आपण त्याच्याही पुढे जाऊन मृत्यू मागतो. आणि पाप कोणाचे? अकरा वर्षांच्या पोरीचे तर ते कोणत्याही तर्काने होऊ शकत नव्हते. मारियाने अलेस्सांद्रोला तू पाप करतोस असे बजावले, म्हणजे तिला तरी हे स्पष्ट होते. आपल्या प्रवचनांनी ते धूसर केले.

त्याच कथेतले जे तपशील आपण गाळतो, ते मुलींच्या आणि आयांच्या खरे उपयोगाचे आहेत. तो परका नव्हता. दोन कुटुंबे एकाच घरात राहत होती. त्याने पूर्वीही प्रयत्न केले होते. कोणाला सांगितलेस तर मारून टाकीन अशी धमकी दिली होती आणि ती पोर गप्प राहिली होती. त्या दिवशी मोठी माणसे शेतात कामाला होती. करणारा, सावज आणि रक्षकाची अनुपस्थिती. कोहेन आणि फेल्सन यांना याहून स्पष्ट उदाहरण मिळाले नसते. मारियाचे संतपण मी कमी करीत नाही. मरणाच्या दारात एका लेकराने खुन्याला क्षमा करावी, हे मला आजही थक्क करते. पण क्षमा ही मारियाने स्वेच्छेने दिली. घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी मुलीकडून क्षमा वसूल करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि ती धर्माच्या नावावर खपवली जाते.

या बाबतीत आपली परंपरा आपल्या प्रवचनांपेक्षा शहाणी आहे. इ.स. ४१० मध्ये रोम लुटले गेले, तेव्हा अत्याचार सोसलेल्या ख्रिस्ती स्त्रियांना लोक विचारू लागले की तुम्ही जिवंत कशा? संत ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्यांची बाजू घेतली. शुद्धता इच्छेत असते. दुसऱ्याच्या बळजबरीने ती जात नाही, आणि त्या स्त्रियांनी जीव दिला नाही यात दोष नाही, असे त्याने ठामपणे मांडले. आत्महत्या करणाऱ्या लुक्रेशियाचा रोमन आदर्श त्याने तर्काने खोडून काढला. पुढे तोच ऑगस्टीन, त्या स्त्रियांत काही सुप्त अभिमान असेल आणि देवाने म्हणून हे होऊ दिले असेल, अशी शंका काढतो. ती मला पटत नाही. पण मूळ सिद्धान्त सोळाशे वर्षे आपल्या ग्रंथालयांत पडून आहे आणि व्यासपीठावर क्वचितच येतो.

ख्रिस्तसभेच्या कायद्यालाही शब्दांची जागा बदलायला वेळ लागला. धर्मगुरूने बालकावर केलेला अत्याचार आपल्या धर्मविधीसंहितेत पूर्वी धर्मगुरूच्या विशेष बंधनांचा भंग या मथळ्याखाली होता. म्हणजे दुखावले गेले ते व्रत. डिसेंबर २०२१ पासून तो मनुष्याचे जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांत आला. मथळाच तेवढा बदलला, असे कोणी म्हणेल. ज्याने ‘विनयभंग’ या शब्दाचा इतिहास वाचला आहे तो तसे म्हणणार नाही. आणि देशाचा २०१२ चा बालकांच्या संरक्षणाचा कायदा तर कोणालाच सूट देत नाही: अशी गोष्ट ठाऊक असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. हे धर्मग्राम समितीच्या सभेत एकदा तरी वाचून दाखवावे.

जाता जाता एक सूचना, विशेषतः माझ्या धर्मगुरू बांधवांना. प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी दानिएलच्या तेराव्या अध्यायातून सुसान्नाची हकीकत वाचली जाते. वाचनग्रंथात ती दोन रूपांत दिलेली आहे, मोठ्या आणि छोट्या. वेळ वाचावा म्हणून छोटे रूप घेण्याकडे कल असतो. ते सुरू होते तेच मुळी सभेने सुसान्नाला मृत्युदंड ठोठावल्यापासून. बाग, दोन वडीलधारे न्यायाधीश, त्यांची धमकी, तिने केलेला विचार आणि तिने मारलेली हाक, हे सारे त्यात गळून जाते. तिने हाक मारली होती. आणि तरीही लोकांनी विश्वास ठेवला तो वडीलधाऱ्यांवर, हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. त्यातच बहुतेक वर्षी त्या दिवशी शुभवर्तमान असते ते व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीचे. एक निष्पाप आणि एक क्षमा केलेली, दोघी एकमेकींत मिसळून जातात. मोठे वाचन घ्यावे. आणि प्रवचनात एवढे दाखवावे, की तरुण दानिएल उलटतपासणी घेतो ती त्या दोन वडीलधाऱ्यांची, त्यांना एकमेकांपासून दूर करून; सुसान्नाला तो एकही प्रश्न विचारत नाही.